मालिकेतली आजारी नायिका, तिचा सॅटिनचा स्कार्फ आणि स्वस्तातले खरे कपडे

आडवाउभा

प्राइम टाइमला पुन्हा असाध्य आजाराचा हंगाम आलाय. रिपोर्टचा लिफाफा उघडतो, कॅमेरा तीनदा चेहऱ्यावर आपटतो आणि पुढच्या आठवड्यापासून नायिकेच्या डोक्याला साडीच्या काठाशी मॅच होणारा चकचकीत स्कार्फ. भुवया कोरलेल्या, काजळ जागच्या जागी, कोपरापर्यंत घट्ट बाह्यांचा ब्लाउज, आणि त्याच हाताला सलाइन! कथेचं दळण दळायला या मंचावर चर्चेचे दुसरे धागे आहेत, तिथे खुशाल दळा. इथे फक्त कपड्यांचं बोलू.

कारण असं, की मालिका बघून लोक खरेदी करतात. घरात कुणाची कॅन्सरची केमो सुरू होणार म्हटलं की सगळ्यात आधी सॅटिनचा स्कार्फ, नायलॉनचा गाऊन आणि ऐपतीबाहेरचा विग येतो. पैकी निम्मं कपाटात पडून राहतं. औषधपाण्यात आधीच खिसा रिकामा झालेला असतो. तर, थोड्या पैशांत नीट, अंगाला सोसवेल आणि चारचौघांत बरं दिसेल असं काय शिवता येतं, काय विकत घ्यावं, काय घेऊ नये? शिवणकाम, मालिकांचा कपडेपट आणि दवाखाना या तिन्हीकडचे लोक इथे आहेत. मापांसकट लिहा.

रंगपट

कपडेपटाची बाजू मांडतो, मग हव्या तेवढ्या शिव्या घाला.

टक्कल दाखवायची तर डोक्यावर लॅटेक्सची किंवा सिलिकॉनची पातळ टोपी चिकटवावी लागते. कडा कपाळात मिसळायच्या, त्यावर त्वचेचा रंग, वर पावडर. नीट करायला दीड-दोन तास जातात. दिव्यांखाली घाम आला की टोपी कपाळाच्या रेषेपासून सुटायला लागते आणि एचडीत ती सुरकुती लपत नाही. रोज एक भाग द्यायचा असतो. म्हणून स्कार्फ.

त्या स्कार्फच्या आत नटीचे सगळे केस चापून बसवलेले असतात. म्हणून मागे तो छान फुगीर दिसतो आणि केसांना पिना मारलेल्या असल्यामुळे हलत नाही. खऱ्या तुळतुळीत डोक्यावर तेच सॅटिन दहा मिनिटांत कानावर येतं.

नवा सीन, नवी साडी याचंही कारण आहे. प्रेक्षकाला 'दिवस बदलला' हे कपड्यावरून कळतं. खरा पेशंट त्याच दोन गाऊनवर आठवडा काढतो, पण पडद्यावर तसं केलं तर कंटिन्युइटी (सीनमधला सलगपणा) चुकली असं वाटतं. बारीक चौकडी आणि बारीक रेघा कॅमेऱ्यात लाटांसारख्या हलतात, शुभ्र पांढरा दिव्यात फाटतो, म्हणजे नुसता चकाकतो. म्हणजे घरात ज्या साध्या चौकडीच्या सुती साड्या नेसतात त्या आधीच बाद. उरतं काय, तर एकरंगी शिफॉन, जॉर्जेट आणि क्रेप. धुऊन लगेच वाळतात, इस्त्री फार लागत नाही, सेटवरचे कपडे सांभाळणारे ड्रेसदादा खूश.

भुवयांचं मात्र समर्थन नाही. गोंदाने चापून वर रंग लावता येतो. पण नायिका तशी बघायची कुणाची तयारी नसते, ना वाहिनीची ना प्रेक्षकांची.

सुईदोरा

सॅटिनबद्दल रंगपट यांनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. त्यात भर घालते.

डोक्याला बांधायला मलमल. साधी, मऊ, धुतलेली. १०० सेंमी × १०० सेंमीचा चौकोन पुरतो. ९० सेंमीमध्ये मागे गाठ मारायला टोकं अपुरी पडतात, ११० च्या वर गेलं की मानेवर गाठोडं होतं. ४४ इंची पन्ह्याच्या कापडात साधारण १ मीटर १० सेंमी घेतलं की धुऊन आटल्यावर चौकोन बरोबर निघतो. कडा पिको करून घ्या, दुमडून जाड शिवण नको, ती कपाळावर वळ उठवते. साधी मलमल मीटरला शंभर-दीडशेच्या आसपास मिळते, छापील म्हटली की भाव चढतो. मुंबईत मंगलदास मार्केट, उल्हासनगरचं गजानन मार्केट किंवा पुण्यात लक्ष्मी रोडच्या आतल्या गल्ल्या धुंडाळा. मॉलमध्ये जाऊ नका.

घरात मऊ झालेली जुनी सुती साडी असेल तर तीच उत्तम. साडेपाच मीटरच्या साडीतून काठ सोडून पाच चौकोन निघतात. बोहारणीला देऊन पातेलं घेण्यापेक्षा हे बरं.

बांधायची रीत: चौकोनाचा त्रिकोण करा. लांब कड तीन-चार सेंमी आत दुमडा, म्हणजे कपाळाला पट्टी मिळते. ही कड भुवयांच्या वर दोन बोटं ठेवायची. दोन्ही टोकं कानांच्या वरून मागे न्यायची आणि त्रिकोणाचं मागचं टोक खाली दाबून त्याच्यावर गाठ मारायची. गाठ टोकाच्या खाली गेली की पदर सुटा राहतो आणि मान वळवली की सगळं उकलतं. मग ते सुटं टोक गाठीत वर खोचायचं.

डोकं चपटं दिसतं ही खरी तक्रार असते. त्यावर उपाय म्हणजे जुन्या ब्लाउजचा किंवा जाकिटाचा शोल्डर पॅड. टाळूच्या जरा मागे ठेवून वरून स्कार्फ बांधला की डोक्याचा आकार परत येतो. कुणाला शंकाही येत नाही.

ठोकळेबाज

एवढा काथ्याकूट कशाला? लोक मालिका दोन घटका करमणुकीला बघतात. खरं टक्कल, खरी उलटी दाखवली तर रिमोट उचलतील. नायिकेने मरतानाही सुंदर दिसावं ही मागणी आपलीच आहे.

परळ_लोकल

ठोकळेबाज, करमणूक राहू द्या. पण मालिका जे शिकवते ते वॉर्डात निस्तरावं लागतं, म्हणून थोडं वैद्यकीय.

सगळ्या केमोने केस जात नाहीत. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल यांसारख्या औषधांनी हमखास जातात, काहींनी नुसते विरळ होतात, काहींनी फारसा फरकच पडत नाही. म्हणून विग किंवा स्कार्फ घेण्याआधी 'या औषधाने केस जातात का' एवढं डॉक्टरांना विचारा. जाणार असतील तर पहिल्या डोसनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी गळायला लागतात. मालिकेसारखे त्याच रात्री उशीवर पुंजके येत नाहीत. भुवया आणि पापण्या बहुधा उशिरा जातात. पापण्या गेल्यावर डोळ्यात धूळ जाते, पाणी येतं, अशा वेळी काजळापेक्षा साधा चष्मा उपयोगी. उपचार थांबल्यावर एक ते तीन महिन्यांत केस परत फुटायला लागतात, कधी आधीपेक्षा कुरळे. रेडिएशनचं वेगळं: जिथे किरण देतात तिथलेच केस जातात. छातीला रेडिएशन आणि डोक्याला टक्कल हे फक्त मालिकेत.

दुसरी गोष्ट, मालिकांना ब्लड कॅन्सर किंवा 'डोक्यात गाठ' एवढेच आजार आवडतात. त्यात नायिकेच्या अंगावर काही दिसायची गरज पडत नाही. तोंडाचा, गर्भाशयमुखाचा, स्तनाचा असे आपल्याकडे जास्त दिसणारे कॅन्सर त्यात कुठेच नसतात. कारण तिथे कपड्यांचे प्रश्न खरे असतात. छातीचा एक भाग काढलाय, पोटावर पिशवी आहे, जबड्याला पट्टी आहे. ते कुठल्या काठपदरात बसवणार?

आणि पांढऱ्या पेशी कमी असताना, म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका असताना, पेशंटच्या उशाशी ताज्या फुलांचा गुच्छ आणि गजरे घातलेल्या पंधरा बायका! तिथेच मालिका बंद करावीशी वाटते.

कडूकारले

मालिकांच्या कपड्यांतला सामाजिक विनोद कुणी बघितलाय का? गरीब नायिका म्हणजे सुती साडी, लांब वेणी, खणाचा ब्लाउज. श्रीमंत सासू म्हणजे शिफॉन. बाजारात भाव विचारा. हातमागावरच्या अस्सल सुती साडीच्या पैशांत सुरतेच्या चार सिंथेटिक शिफॉन येतात. म्हणजे पडद्यावरची गरीब सून सासूपेक्षा महाग नेसते! अर्थात ती 'इरकल' बहुतेकदा यंत्रमागावरची पॉलिस्टरची असते म्हणा.

या खुणा डोक्यात इतक्या पक्क्या बसल्यात की रोगी माणसालाही त्यातून सुटका नाही. सुती, साधं घातलं की 'बिचारी, सगळं गेलं'. जरा लिपस्टिक लावली, रंगीत कुर्ता घातला की 'एवढं आजारपण आणि हौस बघा'. भेटायला येणारी मंडळी तब्येत बघायला येतात की कपडे बघायला, कळत नाही. केस गेलेल्या बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं 'तिलाच अवघडल्यासारखं होईल' म्हणून टाळणं हा तर शुद्ध भित्रेपणा. तिचं अवघडणं परस्पर ठरवायचा मक्ता कुणी दिला?

आडवाउभा

+१. आणि पुरुषाला टक्कल पडलं तर 'बरा दिसतोय, स्मार्ट' म्हणतात.

विंगेत

टक्कल आणि पुरुष म्हटलं की 'ब्रेकिंग बॅड' ही अमेरिकन मालिका आठवणारच. तिच्या नायकाचा, वॉल्टर व्हाइटचा आजार पहिल्याच भागात ठरलाय: फुप्फुसाचा कॅन्सर, तिसरी अवस्था, शस्त्रक्रिया शक्य नाही. पण कपडे बघा. सुरुवातीला फिकट खाकी, बिस्किटी, भिंतीत मिसळून जाणारे रंग. जाकीट सैल, खांदे उतरलेले. पुढे माणूस जसजसा बदलतो तसतसे रंग गडद होत जातात. हे ठरवून केलेलं आहे. पहिल्या सीझनमध्ये केस गळायला लागतात तेव्हा तो स्वतःच डोकं भादरतो आणि पुढे ते टक्कल आजाराची खूण राहतच नाही, त्या माणसाची होते. आणि गोष्ट पुढे नेतं कोण, तर उपचारांचं बिल. आमच्या मालिकांत बिल कधी दिसलंय? सात खोल्यांचा बंगला, व्हीआयपी रूम आणि चर्चा फक्त 'आईला कसं सांगायचं' याची.

दोराबंडल

विषय कपड्यांवर आणतो. पेशंटसाठी एकच कपडा शिवायचा असेल तर अंगरखा शिवा. फॅशन म्हणून नाही, त्याची घडणच या कामाला योग्य आहे.

का ते सांगतो. केमोचं पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) बसवलं असेल तर ते बहुधा गळ्याच्या हाडाखाली, उजव्या बाजूला असतं. बंद गळ्याचा कुर्ता दर वेळी डोक्यातून काढावा लागतो. दुसरं म्हणजे वजन. स्टेरॉइडने सूज येते, पुढे भूक गेली की अंग उतरतं. महिन्यात छातीचं माप दोन-तीन इंच इकडेतिकडे होऊ शकतं. बटणांचा कुर्ता एकाच मापाला बसतो. अंगरख्याचा पुढचा पडदा मात्र बंद (बांधायच्या नाड्या) ओढले की घट्ट, सोडले की सैल.

छाती ३६ ते ४० साठी गुडघ्यापर्यंतचा, पाऊण बाहीचा अंगरखा ४४ इंची पन्ह्यात ३ मीटरमध्ये बसतो. साध्या कुर्त्यापेक्षा अर्धा मीटर जास्त लागतं, कारण पुढचे दोन्ही भाग एकमेकांवर चढतात. चढाव कमीत कमी २० सेंमी ठेवा, नाहीतर बसल्यावर पुढून फाकतो. बंद आतला एक, बाहेरचा एक, प्रत्येकी ३५ सेंमी, बाहेरची गाठ पोर्टच्या उलट बाजूला. हे शिंप्याला चारदा सांगा. सवयीने तो नेहमीच्याच बाजूला लावतो आणि गाठ बरोबर पोर्टवर येते.

कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. सुती कापड तीन ते पाच टक्के आटतं, म्हणजे शंभर सेंमीच्या लांबीत पाच सेंमीपर्यंत गेले. आटल्यावर बाहीचा मुंढा काखेत रुततो आणि मग 'पेशंट सुजलाय' असा गैरसमज होतो.

हाताला पिक लाइन असेल, म्हणजे दंडातून आत नळी घातलेली असेल, तर त्या बाजूची बाही खांद्यापासून टोकापर्यंत वरच्या शिवणीत उघडी ठेवून दर सहा सेंमीवर टिचबटण लावा. वेल्क्रो नको. धुताना त्यात धागे अडकतात, आणि त्याची खरखरीत कड नळीच्या पट्टीला धरते.

मलमल

शिवायला वेळ नसेल तर बाजारात एक तयार कपडा आहे जो कुणाला सुचत नाही: बाळंतिणीचा फीडिंग गाऊन! पुढे दोन उभ्या लपलेल्या चेन असतात. सुती होजिअरीचा घ्या, एक माप मोठा. पोर्टची सुई लावताना नुसती एक चेन उघडली की झालं, अंग झाकलेलं राहतं. पेशंटला वॉर्डात त्याचंच जास्त अप्रूप असतं.

दोन खबरदाऱ्या. छातीची शस्त्रक्रिया झाली असेल तर चेन व्रणावर येते का ते बघा, येत असेल तर आतून मऊ पट्टी लावा. आणि चेन प्लास्टिकची असली तरी तिचा लॉक बहुधा धातूचा असतो. एमआरआयला जाताना गाऊन बदलावा लागेल.

परळ_लोकल

मलमल, फीडिंग गाऊनची सूचना फारच चांगली. पण शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस छातीला जखमेतलं पाणी काढणारी ड्रेनची नळी आणि बाटली असते. ती गाऊनच्या खिशात घालू नका, वजनाने नळी ओढली जाते. २० सेंमी उंच, १५ सेंमी रुंद अशी सुती झोळी शिवा, लांब बंदाची, न कापलेल्या बाजूच्या खांद्यावरून तिरपी. बाटली नळीच्या तोंडाच्या खालीच राहिली पाहिजे.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला पुढे कायमच सूज येण्याचा धोका असतो. त्या बाजूची ब्लाउजची बाही दंडात रुतता कामा नये, घट्ट बांगड्या नकोत, रक्तदाबाचा पट्टाही त्या हाताला नको. आपल्याकडचा 'फिटिंगचा ब्लाउज' हाच इथे शत्रू. शिंप्याला दंडाचं माप संध्याकाळी घ्यायला सांगा, सूज असली तर तेव्हाच जास्त असते. वर दोन इंच सैल.

रेडिएशनवाल्यांसाठी: अंगावर खुणा केलेल्या असतात त्यांची शाई कपड्याला लागते. जुने, गडद रंगाचे, धुऊन मऊ झालेले सुती कपडे वापरा. मानेला किरण असतील तर कॉलर, जरीची ओढणी, सोन्याची साखळी सगळं दूर. त्या जागी टाल्कम पावडरही नको.

साधी_भोळी

मंगळसूत्राचं काय करायचं? मानेला किरण म्हटलं की घरात यावरूनच वाद होतात.

कडूकारले

मालिकेत आयसीयूत सुद्धा असतं, तर घरी वाद होणारच.

परळ_लोकल

साधी_भोळी, किरण देताना आणि स्कॅनला काढावंच लागतं, त्यात चर्चा नाही. बाकीच्या वेळी मानेच्या त्वचेला घासतं म्हणून नको. उपचार संपेपर्यंत काळे मणी मनगटाला दोऱ्यात बांधायचा तोडगा बऱ्याच बायका काढतात. पण ज्या हाताला सलाइन लागतं तो सोडून. काचेच्या बांगड्यांचंही तसंच.

सुईदोरा

कपडा आणि कॅन्सर यांचा उलटा संबंधही आहे, तो इथे यायला हवा. परकराची नाडी! वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दोन वयस्क बायकांच्या केसेस छापल्या. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी घट्ट आवळलेली नाडी किंवा लुगडं, घाम, घासून जखम, ती कधी भरलीच नाही आणि शेवटी तिथे त्वचेचा कॅन्सर. हे फारच क्वचित होतं, घाबरायचं कारण नाही. पण कमरेला काळपट पट्टा आणि तिथे न भरणारी जखम असेल तर 'नाडीचा वळ आहे' म्हणून दुर्लक्ष करू नका.

उपाय स्वस्त आहे. नेफा (नाडी ओवायची पट्टी) अर्ध्या इंचाचा असतो तो उसवून दोन-अडीच इंचाची रुंद पट्टी लावा, नाडी गोल दोरीची न घेता इंचभर रुंद चपटी घ्या, आणि रोज गाठीची जागा बदला. आजारपणात पोटात पाणी साठत असेल तर परकर विसरा. खांद्यावरून लोंबणारा गाऊन किंवा छातीखालून घेर सुटणारा झगा, कमरेला काहीही नको.

ठोकळेबाज

माघार घेतो, हा धागा वाचण्यासारखा झालाय. विगबद्दल कुणी बोललं नाही. घ्यावा की नको?

रंगपट

हवा असेल तर घ्या, पण शहाणपणाने. खऱ्या केसांचा विग महाग, शिवाय धुणं, सेट करणं मागे लागतं. मुंबईच्या दमट हवेत आत घाम जिरत नाही. सिंथेटिक विग स्वस्त आणि आकार धरून ठेवतो, पण गॅसपाशी नेऊ नका. कढईतल्या वाफेने आणि आचेने पुढची बट आक्रसून कुरकुरीत होते, ती पुन्हा सरळ होत नाही. कुकरचं झाकण उघडताना विग काढून ठेवायचा.

केस असतानाच त्यांचा फोटो काढा आणि एक बट कापून ठेवा, रंग जुळवायला उपयोगी. डोक्याचं माप मात्र केस गेल्यावर घ्या, आधीचं माप सैल पडतं. आत पातळ सुती टोपी हवीच, नाहीतर जाळीची शिवण टाळूला बोचते. सणासमारंभापुरता हवा असेल तर नुसती पुढची बट शिवलेली पट्टी घ्या. स्कार्फखालून चार केस कपाळावर दिसले की लोकांना तेवढंच पुरतं. सेटवरची जुनी युक्ती आहे.

सुईदोरा

आणि ती आतली टोपी विकत घेऊ नका, जुन्या टी-शर्टची होते. मोठ्या मापाचा, धुऊन धुऊन मऊ झालेला, चित्र नसलेला. डोकं ५५-५६ सेंमी असेल तर दुहेरी घडीत २५ सेंमी रुंद, २८ सेंमी उंच तुकडा कापा, टी-शर्टची खालची शिवलेली कड टोपीच्या तोंडाशी येईल असा. ताण आडवा हवा, उभा नको. वरचे कोपरे घुमटासारखे गोल करा. मशीनवर बारीक झिगझॅग टाका, सरळ टीप घातली तर घालताना धागा तुटतो. घालताना शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा. उलटी दिसते, पण टाळूला काही लागत नाही. झोपतानाही चालते. केस नसताना रात्री डोक्याला गार लागतं हे कुणाच्या आधी लक्षात येत नाही.

मलमल

कापड ओळखायचं सांगून ठेवते. 'मलकॉटन', 'कॉटन सिल्क', 'लिनन कॉटन' या नावांना भुलू नका, त्यात पॉलिस्टर सर्रास असतं. दुकानातून दोन धागे मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, करडी राख बोटाने विस्कटते. पॉलिस्टर वितळून काळी टणक गोळी होते. दोन्ही झालं तर मिश्रण. रेयॉन मात्र सुतीसारखंच जळतं, तिथे ही परीक्षा फसते. मग एक धागा ओला करून ओढा. रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं, चटकन तुटतं. सूत ओलं झाल्यावर उलट चिवट होतं.

तयार कपड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या नगाला ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर १८. म्हणजे 'पेशंट वेअर' नावाखाली कुणी २,६०० चा गाऊन गळ्यात मारत असेल तर कराचाही हिशेब करा. त्या पैशांत तीन अंगरखे शिवून होतात.

परळ_लोकल

धुण्याबद्दल. केमो दिल्यानंतर साधारण ४८ तास घाम, उलटी, लघवी लागलेले कपडे हातमोजे घालून, वेगळे धुवा. घरातल्या इतरांच्या कपड्यांत टाकू नका. कुणी वापरलेले कपडे दिले तर घ्यायला हरकत नाही, पण गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करूनच.

पायांचंही बघा. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्यांनी तळवे लाल होऊन सोलवटतात, तेव्हा कोल्हापुरी चपला कितीही आवडत्या असल्या तरी बाजूला. एक नंबर मोठी, मऊ तळाची चप्पल. ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर गार वस्तूला हात लावला की झिणझिण्या येतात. फ्रिजपाशी सुती हातमोज्यांची जोडी टांगून ठेवा आणि पावसाळ्यात घरातही पायमोजे.

आणि एक अवांतर. मालिकेत उपाय संपले की थेट व्हेंटिलेटर आणि टाहो. वेदना कमी करण्याचे उपचार आजाराच्या सुरुवातीपासूनही देता येतात हे कुणी दाखवत नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा करणारी संस्था), शांती अवेदना सदन, आपल्याच वांद्र्यात १९८६ पासून आहे, गोव्यातही आहे. तिथला माणूस साध्या सुती कपड्यांत, दुखणं आटोक्यात ठेवून घरच्यांशी बोलतोय असा एक सीन लिहा की कुणीतरी.

विंगेत

लिहिणारे लिहितील हो, टीआरपीच्या मीटिंगमध्ये टिकला पाहिजे.

आडवाउभा

सुईदोरा, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर आतल्या कपड्यांचं राहिलं. सिलिकॉनचे कृत्रिम स्तन तयार मिळतात ते हजारोंच्या घरात जातात.

सुईदोरा

ते जखम पूर्ण भरल्यावर, तेही डॉक्टरांना विचारून. पहिले सहा ते आठ आठवडे हलकंच काहीतरी हवं. सुती धाग्याने विणलेली किंवा होजिअरीच्या कापडाची गोल उशी करा, आत धुता येणारा पॉलिफिल (उशांत भरतात तो कृत्रिम तंतू). कापूस भरू नका, भिजला की गोळा होतो आणि वाळत नाही. जुन्या सैल ब्राला आतून सुती खिसा शिवून त्यात ती बसवायची.

हलकी असल्यामुळे ती वर सरकते आणि दिवसभर ओढाताण चालते. व्रण भरल्यावर उशीच्या तळाशी मोहरीची छोटी पुरचुंडी घालतात, वजनाने जागेवर राहते. पण पुरचुंडी सुटी ठेवा, धुताना काढता आली पाहिजे. आत शिवून टाकली आणि धुतली तर आठवड्यात मोहरीला मोड येतात. हसू नका, येतात.

ठोकळेबाज

पुरुषांसाठी काहीच नाही का? मालिकेतला आजारी नायक तर इस्त्रीच्या शर्टावर शाल घेऊन बसतो.

दोराबंडल

पुरुषांना लुंगीइतकं सोयीचं काही नाही. पोटाला लागत नाही, सूज आली तरी बसते, बेडपॅनला त्रास नाही. 'पाहुण्यांसमोर लुंगीत कसं बसायचं' असा ज्यांना संकोच असतो त्यांच्यासाठी पांढरा सुती पायजमा घ्या. नाडीऐवजी दीड इंची इलॅस्टिक, पण तेही पोटाच्या मापापेक्षा जेमतेम दोन इंच कमी. जास्त ताणलं तर वळ उठतात.

लघवीची नळी आणि पायाला बांधायची पिशवी असेल तर पायजम्याची बाहेरची शिवण गुडघ्यापासून खाली उसवून टिचबटणं लावा, आतून मांडीच्या खालच्या भागाला खिसा शिवा. खिशाला तळाशी चार सेंमीची फट ठेवा, पिशवीची तोटी तिथून बाहेर येते आणि रिकामी करताना पायजमा उतरवावा लागत नाही. पिशवी मूत्राशयाच्या खालीच हवी, म्हणून खिसा कमरेला शिवायचा नाही. बरेच शिंपी सवयीने तिथेच लावतात. कापड अडीच मीटर, रंग गडद. कडेला बारीक पायपिंग लावलं तर बाहेरून नेहमीचा नाइट पॅन्ट दिसतो.

बंडीचं माप उद्या टाकतो, तिचं काखेतलं गणित वेगळं आहे.